दिसते तसे नसते

आपल्या मध्यमवर्गीय घरांत दुरुस्तीचे एक शास्त्र पिढ्यानुपिढ्या चालत आले आहे. स्टोव्ह भडकला की पिन मारावी, रेडिओ खरखरला की वरून एक थाप द्यावी, शिवणयंत्राचा दोरा तुटू लागला की सुई बदलून पाहावी. आणि एवढ्यानेही भागले नाही तर ‘राहू दे आता, उद्या पाहू’ असे म्हणून त्यावर फडके टाकावे. गंमत अशी, की दुसऱ्या दिवशी ते यंत्र पुष्कळदा चालूही व्हायचे! स्टोव्ह गेले, लाकडी खोक्यांचे रेडिओ गेले. शास्त्र मात्र राहिले. आज टेबलावरच्या संगणकातला एखादा प्रोग्रॅम अडून बसला, की आपण तो बंद करून पुन्हा चालू करतो. त्या जुन्या थापेचेच हे सुधारलेले रूप.

या उपायाने कधीकधी गुण येतो, नाही असे नाही. पण प्रोग्रॅमचा आजार मुळात निराळ्या जातीचा. सुई बोथट होते, वातीवर काजळी धरते. प्रोग्रॅम झिजत नाही आणि गंजतही नाही. तो म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर. यंत्र तो मजकूर अक्षरशः पाळते. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते याची चौकशी करीत नाही. तेव्हा बिघाड शोधायचा तो लिहिणाऱ्याने धरून चाललेल्या एखाद्या समजुतीत. हे काम फिटरच्या कामापेक्षा प्रुफे तपासणाऱ्याच्या कामाला अधिक जवळचे आहे, आणि म्हणूनच मराठी शिकवणाऱ्या माणसाने या विषयावर चार शब्द लिहिले तर ते अगदीच अतिक्रमण ठरू नये.

इंग्रजीत अशा चुकांना ‘बग’, म्हणजे किडा, असे नाव आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातल्या ‘मार्क टू’ या अवाढव्य गणकयंत्रात खरोखरीचा एक पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला आणि खाली शेरा मारला, की किडा प्रत्यक्ष सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग. ती वही आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. शब्द मात्र त्याहून जुना; एडिसनने १८७८ मधल्या एका पत्रात यंत्राच्या खोडीसाठी तो वापरला होता. पतंगाचे एक बरे होते, त्याला चिमट्यात धरता आले. आजचे किडे डोळ्यांना दिसतच नाहीत. आणि त्यांतले काही तर अस्सल मराठी आहेत. आज हकिगत सांगायची आहे ती त्यांची.

* * *

एका उपनगरातले जुने ग्रंथालय. कपाटे लाकडी, पंखे संथ, वर्गणीदार बहुतेक निवृत्त. माझी एक माजी विद्यार्थिनी पुढे संगणकाकडे वळली, आणि तिने या ग्रंथालयासाठी सूचीचा एक प्रोग्रॅम लिहून दिला. ग्रंथपालांच्या टेबलावरच्या एकाच संगणकावर तो चालायचा. पुस्तकाचे नाव, लेखक, विषय, दाखलअंक, कोणाकडे गेले, कधी परत आले, एवढाच संसार. जुन्या संगणकातली सूची तिने नव्यात आणली, कर्मचाऱ्यांना शिकवले आणि सगळे सुरळीत चालू झाले.

मार्चअखेर कार्यकारी मंडळाने विषयवार याद्या मागवल्या. त्यांत कादंबऱ्यांची यादी छापून आली ती अर्ध्याहून कमी! बांधीव दाखलवहीतला आकडा आणि संगणकाचा आकडा यांत काहीशे पुस्तकांची तफावत. कपाटे उघडून मोजायची कोणाच्या मनात आली नाहीत. कारण संगणक खोटे बोलत नाही, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले. मग कुजबुज सुरू झाली. किल्ल्या कोणाकडे असतात? शिपायाकडे. रात्री कुलूप कोण लावतो? शिपाईच. वीस-बावीस वर्षे इमानाने नोकरी केलेल्या त्या माणसाकडे मंडळी एकाएकी निराळ्या नजरेने पाहू लागली. त्याला तोंडावर कोणी काही बोलले नाही, पण किल्ल्यांचा जुडगा मात्र काढून घेतला.

मुलगी माझ्याकडे आली ती रडवेली होऊन.

“सर, प्रोग्रॅममध्ये कुठेही चूक सापडत नाही. ‘कादंबऱ्या’ असा विषय दिला की अर्धीच पुस्तके येतात. उरलेली सूचीत आहेत, एकेक काढली तर दिसतात. त्यांच्यापुढेही ‘कादंबऱ्या’ असेच लिहिलेले आहे. मी दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवून पाहिले. काना-मात्रेचा फरक नाही. तरी यंत्र म्हणते, हे दोन शब्द वेगळे आहेत.”

“अगं, पण तू पाहिलेस ते पडद्यावर. यंत्राच्या पोटात काय आहे ते पाहिलेस का?”

ती क्षणभर थांबली आणि तिने मला उलट प्रश्न केला, “सर, ‘कादंबऱ्या’मधला र कोणता हो?”

प्रश्न लाखमोलाचा होता. मराठीत जोडाक्षराच्या आरंभी येणारा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. तिथे र हा रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा; तिथे र ची छोटी कोर य च्या डाव्या अंगाला टेकते. ‘आचार्यांना वाढा’ आणि ‘आचाऱ्यांना वाढा’ यांत पंगतीचा मान कोणाला मिळणार, हे त्या कोरीवर अवलंबून. हिंदीला या कोरीची गरज पडत नाही. ती आपल्या मराठीची खासियत. आणि नेमकी तिथेच माशी शिंकली होती.

* * *

इथे थोडा तपशील सांगणे भाग आहे. संगणकाला अक्षर ठाऊक नसते, आकडा ठाऊक असतो. जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक वर्णाला एकेक क्रमांक देणारा जो सर्वमान्य संकेत आहे, त्याला युनिकोड म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. देवनागरीला त्यात १२८ घरांचा एक पट्टा मिळाला, आणि त्याची मांडणी आपल्याकडच्या ‘इस्की’ या भारतीय संकेताच्या १९८८ मधल्या रूपावरून घेतली गेली. या पट्ट्यात साधा र आहे आणि शेजारच्याच घरात खाली टिंब असलेला ऱ आहे. मराठी कोर उमटवण्याचा एक मार्ग म्हणजे हा टिंबवाला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा मार्ग जुना: साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवायचे. युनिकोडच्या नियमांत दोन्ही मार्ग मान्य आहेत. पडद्यावर दोहोंतून निघणारा ‘कादंबऱ्या’ हुबेहूब एकच.

तिने दोन्ही शब्दांचे क्रमांक छापून काढले. एका ‘कादंबऱ्या’त नऊ आकडे निघाले, दुसऱ्यात दहा! जुन्या संगणकातून आलेल्या नोंदी पहिल्या तऱ्हेच्या नव्हत्या, दुसऱ्या तऱ्हेच्या होत्या. कारण रूपांतर करणाऱ्या साधनाने ते अदृश्य चिन्ह वापरले होते. कर्मचाऱ्यांनी नव्याने टाइप केलेल्या नोंदींत मात्र टिंबवाला ऱ होता. माणसाच्या डोळ्याला जुळे भाऊ. यंत्राला मात्र दोन परके इसम.

“मग सोपे आहे,” ती म्हणाली. “सगळीकडचे ते अदृश्य चिन्ह पुसून टाकते.”

“थांब,” मी म्हटले. “पुसलेस तर मागे काय उरेल? साधा र, मोडलेला पाय आणि य. म्हणजे रफार. तुझ्या कादंबऱ्यांच्या ‘कादंबर्या’ होतील आणि साऱ्या दऱ्यांत दर्या शिरेल!”

तिला हसू फुटले, आणि उपाय तिथेच सापडला. चिन्ह पुसायचे नाही; त्या तीन आकड्यांच्या जागी टिंबवाला ऱ आणि मोडलेला पाय हे दोन ठेवायचे. तेही दोन्ही दारांवर: नोंद आत येताना आणि शोधाचा शब्द विचारला जाताना. युनिकोडमध्ये सारखी रूपे एकत्र आणण्याची सोय आहे, पण ती या जोडीला एक मानीत नाही. त्यामुळे हा नियम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला स्वतःच घालावा लागतो. दोन-तीन ओळींचे काम. त्या संध्याकाळी कादंबऱ्यांची संख्या दाखलवहीशी जुळली. दुसऱ्या दिवशी कपाटेही मोजली गेली. शिपायाच्या हाती किल्ल्या परत आल्या. त्याच्याशी कोणी काही बोलले नव्हते, त्यामुळे माफी मागण्याचाही प्रश्न आला नाही. मध्यमवर्गीय सभ्यतेचे असे काही फायदे असतात.

* * *

कोरीचा किडा सापडला, पण तो एकटा राहणारा नव्हे. त्याच सूचीतून पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत त्याची भावंडे निघत गेली. ती बहुतेक मराठी प्रोग्रॅमांत राहतात, म्हणून त्यांची ओळख करून देतो.

पहिले भावंड ‘ॲ’. ॲडव्होकेट, ॲटलास, ॲल्युमिनिअम अशा शब्दांसाठी लागणारे हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे दाखल झाले. त्याआधी मंडळी अ लिहून त्यावर चंद्र ठेवीत, काही जण मध्ये ते अदृश्य जोडचिन्हही घालीत. एका अक्षराची अशी तीन रूपे आज फायलींत नांदत आहेत, आणि युनिकोडच्या लेखी ती तीन निरनिराळी आहेत. एका वकीलसाहेबांचे नाव शोधले तर ते ‘नाही’ म्हणून उत्तर येई. तेच नाव ‘वकील’ असे लिहिले तर सापडे!

दुसरे भावंड ‘वाङ्मय’. ते मात्र यंत्राचे नव्हे, आपले आहे. ङ ही कळ कुठे असते हे पुष्कळांना ठाऊक नसते. मग कोणी ‘वाड्मय’ लिहितो, कोणी ड पुढे पूर्णविराम ठोकून टिंबाची हौस भागवतो. छापल्यावर वाचणारा समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही. ज्या ग्रंथालयात ‘वाङ्मय’ हा शब्द चार प्रकारे लिहिला आहे, तिथे वाङ्मयाचा शोध घेणाऱ्याने काय करावे? यावर उपाय एकच, विषयाचे नाव दर वेळी टाइप करायला न लावता तयार यादीतून निवडायला लावणे.

तिसरे भावंड लांबीचे. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, हा जुना हिशेब. युनिकोडमधला मजकूर साठवण्याची आज सर्वांत रूढ असलेली रीत म्हणजे ‘यूटीएफ-८’. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, जेवणाच्या टेबलावरच्या कागदावर तिचा आराखडा मांडला. या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात; काना, मात्रा, मोडलेला पाय ही सगळी स्वतंत्र चिन्हे. ‘ज्ञानेश्वर’ हे आपल्या तोंडी चार अक्षरांचे नाव. त्यात चिन्हे दहा आणि बाइट तीस. आता एखाद्याने पुस्तकाच्या नावासाठी तीस बाइटांचीच जागा ठेवली, तर ‘ज्ञानेश्वरी’तली शेवटची वेलांटी बाहेर राहते आणि ग्रंथाचा ग्रंथकार होतो! जागा एकतीस बाइटांची असती तर त्या वेलांटीचा एक तृतीयांश तुकडा आत शिरून शेवटी कचऱ्यासारखे एक चिन्ह उमटले असते. तात्पर्य, जागा मोजायची ती बाइटांनी नव्हे. आणि मजकूर तोडायचाच असेल तर अख्ख्या अक्षराच्या सीमेवर तोडायचा. ‘क्षमा’चे आद्याक्षर काढायला सांगितल्यावर जो प्रोग्रॅम ‘क’ देतो, त्याचे लिहिणाऱ्याने हीच गोष्ट दुर्लक्षिलेली असते.

चौथे भावंड क्रमाचे. शाळेच्या तक्त्यावर ह नंतर ळ येतो आणि शेवटी क्ष, ज्ञ. युनिकोडच्या पट्ट्यात ळ हा ल च्या शेजारी, व च्या आधी बसतो. प्रोग्रॅमने नुसत्या आकड्यांवरून यादी लावली तर ‘बाळ’ आधी येते आणि ‘बाहुली’ मागून. काळे आडनाव कासारांच्या पुढे जाते. ‘क्ष’ क च्या शेपटाला आणि ‘ज्ञ’ ज च्या शेपटाला लागतो. यादीत आपले नाव ठरल्या जागी न दिसल्यामुळे नाव गाळले म्हणून तंटा करणारी माणसे मी पाहिली आहेत. भाषावार क्रमाचे नियम आजच्या संगणकप्रणालींत आयते असतात. फक्त ‘मराठीच्या नियमाने लाव’ असे प्रोग्रॅमला सांगावे लागते. न सांगता समजेल ही अपेक्षा घरातल्या माणसांकडूनही करू नये, मग यंत्राचे काय घेऊन बसलात?

पाचवे भावंड अंकांचे, आणि ते फार लबाड. ‘सी शार्प’ या भाषेत ‘हा अंक आहे का?’ असे विचारण्याची एक सोय आहे. तिला मराठी ५ दाखवला तर ती ‘हो’ म्हणते. पण पुढे त्याच मजकुराची संख्या करायला सांगितली तर दुसरी सोय ‘ही संख्या नव्हे’ म्हणून हात वर करते आणि प्रोग्रॅम धाडकन बंद पडतो. दारावरच्या रखवालदाराने आत सोडावे आणि आतल्या कारकुनाने हाकलून द्यावे, त्यातली गत. दाखलअंक मराठीत टाइप करणाऱ्या वृद्ध ग्रंथपालांना त्यामुळे वाटत राहिले, की आपल्यालाच संगणक जमत नाही.

* * *

याशिवाय एक मोठा वर्ग आहे तो पडद्यावर मराठीच्या जागी भलतेच काही उमटण्याचा. घरोघरी हा अनुभव येतो, म्हणून त्याची लक्षणे वैद्याप्रमाणे अलग करून सांगतो. कारण रोग चार आहेत आणि औषधेही चार.

रिकामे चौकोन दिसले तर घाबरू नये. मजकूर आत शाबूत आहे. तो काढून दाखवणारा टंक, म्हणजे फॉन्ट, त्या संगणकावर नाही. तो बसवला की काम झाले.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हापुन्हा आला, आणि त्याच्या मागे कधी चार काटे फुटलेले वर्तुळ तर कधी जपानी येनचे चिन्ह दिसले, तर समजावे की यूटीएफ-८ मधला मजकूर जुन्या पाश्चात्त्य संकेताने वाचला जात आहे. मराठीच्या प्रत्येक चिन्हाच्या तीन बाइटांतला पहिला ठरलेला आणि दुसरा दोहोंपैकी एक असतो. म्हणून तीच जोडी सारखी डोकावते. सूचीची फाइल नुसती दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली की पुष्कळदा हा प्रकार दिसतो. रोग बरा होणारा आहे. फाइल योग्य संकेत सांगून पुन्हा उघडावी.

सगळीकडे प्रश्नचिन्हे दिसली तर मात्र हात आखडता घ्यावा. इथे मजकूर मराठी न जाणणाऱ्या एखाद्या संकेतात कोंबला गेला आहे. १९९८ साली निघालेल्या ‘व्हिज्युअल बेसिक ६’मध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमांत हे हमखास घडते. त्याच्या खिडकीतल्या चौकटी जुन्या संकेतांवर चालतात, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी असा जुना संकेत कधी ठेवलेलाच नाही. त्यामुळे प्रत्येक मराठी चिन्हाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह येऊन बसते. अशा वेळी ती नोंद जतन करण्याची कळ चुकूनही दाबू नये. दाबली तर आतला मजकूर कायमचा गेला. प्रश्नचिन्हावरून अक्षर परत मिळवण्याची विद्या अजून निघालेली नाही.

चौथा रोग जुन्या टंकांचा. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे मराठी टाइप करण्याची युक्ती अशी होती, की फायलीत साठवायची इंग्रजी अक्षरे आणि त्यांच्यावर टंकाने मराठीचा वेष चढवायचा. नटाने राजाचा पोशाख घालावा तसे. प्रत्येक टंक करणाऱ्याचा पोशाख निराळा. तो टंक नसलेल्या संगणकावर फाइल नेली की पोशाख उतरतो आणि आतली निरर्थक इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. परीक्षा सोपी आहे. मजकूर निवडून त्याला एखादा साधा इंग्रजी टंक लावावा. मराठी मराठीच राहिली तर ते युनिकोड. इंग्रजी अक्षरे झाली तर तो जुना वेष.

अशा फायली युनिकोडमध्ये आणणे हे नुसते अक्षराला अक्षर बदलण्याचे काम नाही. जुन्या टंकांत मजकूर दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने ठेवावा लागतो. ‘स्थिती’तली पहिली वेलांटी अख्ख्या ‘स्थ’ला ओलांडून पलीकडे न्यावी लागते, ‘कार्य’मधला रफार य च्या मागून उचलून पुढे आणावा लागतो. जिथे रूपांतर करणारा हे विसरला, तिथे ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली अनाथ वेलांटी दिसते. कितीतरी मंडळांचे वृत्तांत, स्मरणिका, वंशावळी, घरातल्या आजोबांच्या आठवणी अशा वेषात अडकून पडल्या आहेत. तो टंक जाणणारा शेवटचा संगणक भंगारात जाण्यापूर्वी त्या सोडवून घेतल्या पाहिजेत.

* * *

आता सगळ्या किड्यांना लागू पडणारी रीत कोणती? ती मला नवी वाटली नाही, कारण आमच्या विषयात ती जुनीच आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खर्चून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या कामांत पंडित स्वतःला आवडलेला शब्द पोथीत घालीत नाहीत. पोथीत प्रत्यक्ष काय आहे ते आधी पाहतात. मग विचारतात, की लेखनिकाच्या हातून अशी चूक कोणत्या वाटेने झाली असेल? ती वाट सापडली की एकच शब्द नव्हे, त्या जातीच्या सगळ्या चुका सापडतात.

प्रोग्रॅमचेही तेच. यंत्राने दिलेला संदेश शेवटपर्यंत वाचावा. पुष्कळजण ‘काहीतरी इंग्रजी आले’ म्हणून तो मिटून टाकतात. बिघाड हवा तेव्हा पुन्हा घडवून आणता आला पाहिजे. त्याशिवाय तो गेला की लपला हे कळत नाही. हजार नोंदींत कोणती नोंद दगा देते हे शोधायचे तर निम्म्या बाजूला काढाव्यात, मग उरलेल्यांच्या निम्म्या. दहा खेपांत ती एकटी हाती लागते. एका वेळी एकच बदल करावा. चार औषधे एकदम घेतली तर गुण कोणाचा हे कसे कळणार? आणि अगदीच खुंटले तर सगळी हकिगत दुसऱ्याला मोठ्याने सांगावी. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ मधल्या एका प्रसिद्ध पुस्तकात तर टेबलावरच्या रबरी बदकाला समजावून सांगण्याची शिफारस आहे. बदक काही बोलत नाही. सांगता सांगता आपलीच गृहीत धरलेली गोष्ट आपल्या कानावर पडते.

एक सवय मात्र कटाक्षाने टाळावी, ती चूक पोटात घालण्याची. संसारात हा गुण आहे, प्रोग्रॅममध्ये दुर्गुण. चूक झाली की ती मुकाट्याने गिळून पुढे चालू राहणारा प्रोग्रॅम लिहिणे फार सोपे असते. तो कधी बंद पडत नाही, कुरकुर करीत नाही. फक्त एखाद्या दिवशी कादंबऱ्यांची अर्धी यादी निर्विकारपणे छापून देतो. त्यापेक्षा धाडकन बंद पडलेला परवडला. बंद पडलेल्या यंत्रावर कोणी विश्वास ठेवीत नाही; चालू यंत्राने दिलेल्या ‘नाही’वर मात्र सगळे ठेवतात. यादीत नाव नाही, नोंद सापडत नाही, संगणक घेत नाही, ही वाक्ये खिडकीपलीकडून ऐकली नाहीत असे घर आपल्याकडे क्वचितच असेल. त्यांतली काही खरी असतील; काहींच्या मुळाशी एखादी कोर, एखादा चंद्र नाही तर एखादे अदृश्य चिन्ह असेल.

प्रोग्रॅम बहुधा इंग्रजी शब्दांवर तपासले जातात, आणि इंग्रजीत यांतला एकही किडा बाहेर येत नाही. म्हणून ज्यांच्या घरात कोणी मुलगा किंवा मुलगी प्रोग्रॅम लिहीत असेल, त्यांनी एवढे करावे. एका चिठ्ठीवर हे शब्द लिहून त्यांच्या टेबलावर ठेवावेत: दर्या, दऱ्या, ज्ञानेश्वरी, क्षमा, बाळ, बाहुली, ॲडव्होकेट, वाङ्मय, स्थिती, कार्य, ५. प्रोग्रॅमला हे सारे लिहिता, शोधता, मोजता, ओळीत लावता आणि छापता आले तर तो मराठी घरात नांदायला योग्य. माझ्या विद्यार्थिनीच्या संगणकावर ही चिठ्ठी चिकटवलेली आहे. आणि खाली तिने आपल्या मनाने एक शब्द वाढवला आहे: कादंबऱ्या.